असोद्याच्या रस्त्यावरची लोकर

यंदा थंडी उशिरा आली, पण आली ती एकदम. दोन दिवसांपूर्वीपर्यंत पंखा लावून झोपणारं जळगाव आता सकाळी उन्हाचा कवडसा शोधत अंगणात खुर्च्या ओढतं आहे. मीही ओढते. समोरच्या रस्त्यावरून पहाटे सायकलवाल्यांचा एक घोळका जातो. पोरं आणि पोरी, डोक्यावर टोप्या, मागे लाल दिवे लुकलुकत असतात. कुठे कामाला जात नाहीत ते, नुसतेच फिरून येतात. मला त्यांचा फार हेवा वाटतो, आणि हेवा करताना मजाही येते.

त्यातच परवा नाशिकहून नातीचा, रेवाचा, फोन आला. तिलाही हे सायकलीचं वेड लागलं आहे.

"आजी, तुला लोकरीतलं कळतं ना? थंडीत सायकल चालवताना अगदी आतून घालायचा सदरा घ्यायचाय. लोकरीचा घेऊ, का तो झटकन वाळणारा घेऊ?"

"तुला घाम किती येतो?" मी विचारलं.

पलीकडे ती हसली. "अगं, दुकानातल्या माणसानंही पहिलं हेच विचारलं!"

फोन ठेवला आणि मी उन्हात तशीच बसून राहिले. हातातला चहा निवला. इतक्या वर्षांनी, इतक्या साध्या प्रश्नानं, एक अख्खा हिवाळा माझ्या अंगावर येऊन बसला.

तेव्हा आमच्या जिल्ह्याचं नाव पूर्व खानदेश होतं. मी धुळ्याची, लग्न होऊन जळगावला आलेली. हे भुसावळला रेल्वेत, रविवारी तेवढे घरी यायचे. घरात सासरे, म्हणजे आबा, सासूबाई, म्हणजे अक्का, आणि मी. शिक्षिकेचं प्रशिक्षण माहेरीच झालं होतं, आणि जळगावबाहेरच्या असोदा गावच्या शाळेत मला मुलींचा वर्ग मिळाला होता. असोद्याला शाळेची इमारत एकच. दिवसा तिथे मुलगे बसत, म्हणून मोठ्या मुलींचा वर्ग सकाळी, उजाडता उजाडता भरे. त्या वेळेला मोटार नव्हती. ह्यांनी स्वतः मला सायकल शिकवली, आणि मागच्या चाकावर साडी अडकू नये म्हणून जाळी बसवलेली एक काळी सायकल घरात आली.

खानदेशच्या उन्हाळ्याबद्दल सगळे बोलतात. आमच्याकडे उन्हाला शब्द पुष्कळ आहेत. थंडीला मात्र आम्ही फक्त खांदे वर घेतो आणि बगलेत हात घालतो. कापसाचा मुलूख हा. अंगावर कापूस, उशीत कापूस, गोधडीत कापूस, दिव्याच्या वातीत कापूस. लोकर म्हणजे परक्या गावची पाहुणी, वर्षातून दोन महिन्यांसाठी येणारी. पण पौषात सातपुड्याकडून वारा सुटला की तो कापसाच्या कपड्यातून असा आत शिरतो, जसा काही घरचाच. त्यातून सायकलीवर बसलं की वारा नसला तरी आपण आपल्यापुरता वारा तयार करतो, हे मला पहिल्या हिवाळ्यात कळलं.

त्या पहिल्या हिवाळ्यात मी अक्कांनी शिवून घेतलेली रुईची बंडी घालून जात असे. छान जाड, मऊ बंडी. घरातून निघताना ऊब वाटे. गावाबाहेर पडेपर्यंत पायडल मारून मारून पाठ घामानं निथळायची. बंडीतली सगळी रुई तो घाम पिऊन बसायची आणि मग अर्ध्या वाटेवर तीच बंडी ओल्या फडक्यासारखी पाठीला चिकटायची. शाळेत पोचले की दात वाजत. संक्रांतीच्या आधी मी अंथरूण धरलं. छाती भरली, ताप उतरेना. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला. बरी व्हायला फाल्गुन उजाडला.

त्या आजारात मला अक्का नव्यानं कळल्या. दिवसरात्र उशाशी बसून असायच्या. त्यांची एकुलती मुलगी, माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी, छातीच्याच दुखण्यानं गेली होती. घरात तिचं नाव कुणी काढत नसे. मी उठून बसायला लागले त्या दिवशी अक्कांनी माझ्या केसांना तेल लावता लावता सांगून टाकलं. अक्का शिरपूरकडच्या, त्यांची बोली शेवटपर्यंत अहिराणीच राहिली.

"मनी पोर गई, ती असाच थंडीमा गई. आते सायकल बंद. शाळा बी बंद."

त्यात राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं.

उन्हाळाभर तो विषय तसाच निजून राहिला. जूनमध्ये शाळा उघडली, मी जाऊ लागले, अक्का काही बोलल्या नाहीत. ऊन-पावसाची त्यांना भीती नव्हती. पण दसऱ्याला सकाळची हवा जराशी बदलली, आणि त्यांनी मला स्वयंपाकघरातून विचारलं, "राजीनामा कधी देशी?"

मी आबांकडे पाहिलं. आबा लढाईच्या काळात पलटणीच्या कोठारावर कारकून होते, पार उत्तरेकडच्या डोंगरात राहून आले होते. थंडी म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. ते अक्कांना म्हणाले, "ती थंडीनं आजारी पडली नाही. ओल्या कपड्यानं पडली. कपडा बदलू. तरीही छाती धरली, तर मीच सायकल विकून येईन."

अक्का बराच वेळ भाकरी थापत राहिल्या. मग म्हणाल्या, "संक्रांतलोंग. पहिला खोकला उना, की बठ्ठं बंद."

पहिला खोकला आला की सगळं बंद, अशा अटीवर मला संक्रांतीपर्यंतची मुदत मिळाली. आणि आमच्या घरात लोकर निवडायला सुरुवात झाली.

पहिला मान आबांचा. त्यांनी बाजारातून एक काळी घोंगडी आणली आणि ओळखीच्या शिंप्याकडून तिचं बिनबाह्यांचं जाकीट शिवून घेतलं. शिंप्यानं आयुष्यात घोंगडी शिवली नव्हती. सुया मोडल्या म्हणून तो आबांवर चिडला होता म्हणे. जाकीट घातल्यावर मला मान वळवता येईना. हात पुढे केले की ते पुठ्ठ्यासारखं छातीवरून वर यायचं आणि हनुवटीला टोचायचं. अंगणात मी सायकलीवर बसून दाखवलं. आबा मागे हात बांधून, गंभीर चेहऱ्यानं, भोवती फिरले. अक्का दारात उभ्या होत्या, त्या एकदम तोंडाला पदर लावून आत गेल्या. मला वाटलं रडायला गेल्या. आत जाऊन पाहते तर चुलीपुढे बसून हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. एवढ्या महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहत होते.

ते जाकीट घालून मी एकदाच असोद्याला गेले. दव पडलं होतं, त्यानं मेंढरांचा वास असा जागा झाला की वाटेवरच्या वस्तीतली कुत्री शाळेपर्यंत माझ्या मागे आली. पण एक गोष्ट त्या दिवशी मी मनाशी टिपून ठेवली. बाहेरून घोंगडी दवानं पांढरी झाली होती, आतून माझी पाठ उबदार होती. आबांची दिशा बरोबर होती, माप तेवढं चुकलं होतं.

दिवाळीला मी धुळ्याला माहेरी गेले. आग्रा रोडवर तेव्हा फाळणीनंतर आलेल्या एका सिंधी गृहस्थांचं गरम कपड्यांचं छोटं दुकान होतं. पांढरी दाढी, गळ्यात मोजपट्टी, आणि गिऱ्हाईक येवो न येवो, माल हातानं गोंजारत बसायची सवय. आईला आणि मला पाहून त्यांनी गुलाबी रंगाचा एक बटनांचा स्वेटर पुढे केला. इतका देखणा की आईनं तो लगेच हातात घेतला.

मी म्हटलं, मला सायकल चालवायला हवाय.

त्यांनी तो स्वेटर आईच्या हातातून हलकेच काढून घेतला आणि घडी घालून ठेवला. "बेटी, ये बैठने का है. चलने का अलग होता है."

मग त्यांनी माझी नीट चौकशी केली. किती दूर जातेस, वारा समोरून असतो का, पोचल्यावर लगेच बसून काम असतं का. आणि मी घामाचं सांगितलं तेव्हा मान डोलावली. त्यांच्याकडे सिंधमध्ये थंडीत क्वेट्याहून वारा यायचा, तिथले लोक आत पातळ, बारीक सुताची लोकर घालत, अंगाला लागून. तिनं घाम ओढून बाहेर टाकायचा. त्यावर जाड. "मोटा पहले मत पहनो. पहले पतला." बोलता बोलता ते त्यांच्या गावाबद्दल सांगू लागले, नदीबद्दल, थंडीत मिळणाऱ्या कुठल्याशा गोड पदार्थाबद्दल. मग स्वतःच थांबले आणि आईला म्हणाले, "यहाँ की सर्दी अच्छी है. छोटी है."

त्यांच्याकडून मी राखाडी रंगाची बारीक, मऊ लोकर घेतली. तयार कपडा घेतलाच नाही. गुलाबी स्वेटरकडे आई दुकानातून निघेपर्यंत पाहत होती.

लोकरीचा वास, नव्या लोकरीचा, मला अजून आवडतो. दुधाचं भांडं विसळल्यावर येतो तसा काहीसा. घरी आल्यावर मी त्या राखाडी लोकरीचा अंगाबरोबर बसणारा, लांब बाह्यांचा आतला सदरा विणायला घेतला. घट्ट वीण, बारीक सुया. वरच्या जाड कपड्यासाठी आबांनी आपली ट्रंक उघडली. पलटणीतली त्यांची खाकी लोकरीची जरशी त्यात डांबराच्या गोळ्यांत निजलेली होती. ती मला गुडघ्यापर्यंत यायची.

"ती उसव," आबा म्हणाले.

मला धीर होईना. त्यांच्या साऱ्या तरुणपणाची तेवढी एकच वस्तू घरात होती. माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. तेव्हा अक्का आल्या, जरशी माझ्या मांडीवरून उचलून घेतली, उजेडात धरून बाहीच्या टोकाला नेमका धागा शोधला आणि ओढला. सर्र करून ओळ सुटली. मग दुसरी. आबा समोर बसून पाहत होते. थोड्या वेळानं त्यांनी दोन्ही हात पुढे केले, आणि अक्का त्या हातांभोवती लोकर गुंडाळू लागल्या. दुपारचं ऊन ओसरीवर आलं होतं. दोघं म्हातारी माणसं समोरासमोर, मध्ये खाकी धागा. इतक्या वर्षांच्या त्यांच्या संसारात ती अशी समोरासमोर किती वेळा बसली असतील, कोण जाणे.

उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी असते. अक्कांनी तिच्या लडी कोमट पाण्यात बुडवल्या, खाली वरवंटा बांधून ताणून वाळत घातल्या. चार दिवसांत धागा सरळ झाला, नवा झाला. मी विणत होते तेव्हा त्या शेजारी बसून लडी सोडत. एकदा म्हणाल्या, "गयाले वरलोंग घे. गयामाईन वारा जास." गळा वरपर्यंत घे, गळ्यातूनच वारा शिरतो. त्यांचा विरोध मावळला नव्हता. पण करायचंच असेल तर ते नीट व्हावं, असा त्यांचा स्वभाव होता.

बाकीच्या गोष्टी हळूहळू, चुकत माकत सुचल्या. उरलेल्या खाकी लोकरीचे हातमोजे आधी पाच बोटांचे विणले, तर एकेकटी बोटं गारठायची. मग सगळी बोटं एकत्र घेतली, तर ब्रेक दाबता येईना. शेवटी अंगठा वेगळा, त्याच्या शेजारचं बोट वेगळं आणि उरलेली तीन एका खोलीत, असे मोजे केले. ह्यांनी ते पाहिले आणि रविवारभर खेकडा म्हणून मला चिडवलं. पायात चपला असल्यावर पायमोजे कसे घालणार? म्हणून कॅनव्हासचे पांढरे बूट आले. साडीखाली बूट! आमच्या गल्लीत त्याची चर्चा दोन आठवडे पुरली. साडीच्या आत आबांचीच एक जुनी लोकरी विजार कापून केलेली विजार असे, हे मात्र गल्लीला कधी कळलं नाही. डोक्याला माकडटोपी, तिच्यावरून पदर. आणि छातीवर, दोन लोकरींच्या मध्ये, आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र. कारण वीण कितीही घट्ट असली तरी समोरचा वारा तिच्यातून चाळणीतल्यासारखा येतो, आणि कागदातून येत नाही. हा शोध ह्यांचा. आबांना तो पटला, पण पेपर वाचून झाल्याशिवाय ते देत नसत.

मार्गशीर्षातली एक सकाळ मला आठवते. नव्या सगळ्या जामानिम्यासह मी गावाबाहेर पडले. नुकतं तांबडं फुटत होतं. दोन्ही बाजूंना केळीचे मळे, त्यांच्या पानांवरून दव टपटपत होतं. मी नेहमीसारखी शरीर आक्रसून थंडीची वाट पाहत होते. ती नाकाच्या शेंड्याला लागली, गालांना लागली, आणि तिथेच थांबली. आत मी होते, कोरडी, उबदार, माझ्या स्वतःच्या पायांनी तयार केलेल्या उबेत. मी हळूहळू खांदे खाली सोडले. आयुष्यात पहिल्यांदा मी थंडीकडे पाहिलं. मोटेवर बैल जोडलेले होते, त्यांच्या नाकातून वाफा निघत होत्या. तुरीच्या शेतावर धुक्याचा पातळ थर होता. कुठेतरी हुरडा भाजल्याचा वास होता. हे सगळं आदल्या वर्षीही असणारच, पण कुडकुडणाऱ्या माणसाला काही दिसत नाही. मी मोठ्यानं हसले. रस्त्यावर ऐकायला कुणी नव्हतं.

रोज घरी आले की अक्का दारातच गाठत, पोलक्याच्या आत हात घालून माझी पाठ चाचपत. "कोरडी शे," असं स्वतःशीच म्हणत आणि चहा टाकायला जात. खोकला आला नाही. पौष लागला तरी आला नाही.

आणि मग ती कडाक्याची लाट आली. सकाळी अंगणातल्या पाण्यात हात घालवत नव्हता. नेमकं त्याच दिवशी शाळा तपासायला दिपोटी साहेब यायचे होते. आमच्या हेडमास्तरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की मुलींचा वेगळा वर्ग चालू ठेवायचा की मुलांत मिसळायचा, हे साहेब पट आणि हजेरी पाहून ठरवणार. मिसळला असता तर मोठ्या मुली घरी बसल्या असत्या. मुलांच्या शेजारी कुणी त्यांना पाठवलं नसतं. तेवढं सगळ्यांनाच ठाऊक होतं.

रस्ताभर धूर होता. थंडीनं केळी करपू नये म्हणून मळ्यामळ्यांतून पाचोळा पेटवला होता, आणि तो निळसर धूर जमिनीलगत पसरून राहिला होता. मी खोकत, डोळे पुसत शाळेत पोचले. वर्ग रिकामा. एकही मुलगी नाही.

हेडमास्तर हातावर हात चोळत उभे. "बाई, आज कोण येणार? सगळं गाव मळ्यात आहे."

मी सायकल फिरवली आणि पहिल्या मळ्यात गेले, तो हिराच्या वडिलांचा. हिरा माझ्या वर्गातली सगळ्यांत मोठी मुलगी, आणि बाकीच्या तिच्यामागून चालायच्या. तिच्या वडिलांना सगळे नाना म्हणत. ते जाळात पाला टाकत होते, हिरा डोक्यावर पाचोळ्याचा भारा घेऊन येत होती. अंगात नुसतं परकर-पोलकं, ओठ निळे पडलेले.

"नाना, हिराला शाळेत पाठवा."

"आज शाया राहू द्या, बाई," नाना वर न पाहता म्हणाले. "केयी वाचवनं हाये. पोरी हाताखाली लागतात."

"आज साहेब येणार. आज मुली दिसल्या नाहीत तर वर्ग बंद होईल. मग हिराला मुलांत बसवाल?"

"नाही बसवनार."

"मग तिची शाळा आजच संपली असं समजू?"

नाना उभे राहिले. माझ्याकडे त्यांनी आता नीट पाहिलं. टोपी, खेकड्याचे मोजे, पांढरे बूट, सगळं. हसतील असं मला वाटलं.

"तुमी जयगावाहून आल्या? या थंडीत? सायकलवर?"

"आले."

"अन् आमच्या पोरीईले गावातल्या गावात येनं होत नाही." ते हे मला म्हणाले नाहीत, जाळाला म्हणाले. मग खांद्यावरची घोंगडी काढून त्यांनी हिराच्या डोक्यावरून टाकली. "जाय व, हिरे. साऱ्या पोरीईले हाका मार. म्हन, नानानं सांगलं. मी जायाजवय हाये, मले काय थंडी?"

हिरा धावत सुटली. मी सायकलीवरून दुसऱ्या बाजूचे मळे घेतले. कुणी आजीचं धाबळं पांघरून आली, कुणी बापाचा कोट, कुणी गोधडी. एकीनं गोणपाटाची खोळ करून डोक्यावर घेतली होती. धुरातून एकेक गाठोडं चालत येत होतं आणि जवळ आल्यावर त्यात दोन डोळे दिसत होते.

साहेब आले तेव्हा वर्ग भरलेला होता. त्यांनी दारातच थांबून त्या गाठोड्यांकडे पाहिलं. "काय हो, मुली कुठल्या आणि बिछाने कुठले?" मुली खुसखुसल्या. साहेब स्वतः गळ्यापर्यंत कोटाची बटनं लावून होते आणि कुडकुडत होते. खुर्चीवर बसून ते म्हणाले, "बाई, एखादा वस्तुपाठ घ्या."

वस्तुपाठाला वस्तू लागते. मी तयारी केलेली वस्तू, मातीचा दिवा, घाईत घरीच राहिली होती. मी हातातला मोजा काढला आणि टेबलावर ठेवला.

"हे कशाचं?"

"लोकरीचं!"

"आणि हिराचं पोलकं?"

"कापसाचं!"

मी पाण्याचा तांब्या मागवला. मोजा बुडवला, माझा रुमालही बुडवला, दोन्ही पिळले आणि मुलींच्या डोळ्यांसमोरून फिरवले. हात लावा, म्हटलं. कुठला जास्त गार? हात पुढे आले, गोधड्या घसरल्या, वर्गात गलका झाला. "रुमाल! रुमाल गार हाये!" का बरं, मी विचारलं. घोंगडीतून हिराचा आवाज आला.

"बाई, लोकरीत हवा दडून ऱ्हायते. आमची घोंगडी वरून ओली झाली तरी आत ऊब ऱ्हायते. आन् रुई ओली झाली की बसून जाते, मंग तिच्यात हवेले जागाच नाही."

हे मी तिला शिकवलं नव्हतं. कापूस पिकवणाऱ्या आणि घोंगडीत झोपणाऱ्या घरातली मुलगी ती. दोन्ही गोष्टी रोज हाताला लागत होत्या, त्या दिवशी तिनं त्या शेजारी शेजारी ठेवल्या, इतकंच. पण मला असं वाटलं की माझ्याच अंगात दिवा लागला.

साहेबांनी दुसरा, कोरडा मोजा मागून घेतला आणि आपल्या हातात घालून पाहिला. दोन बोटं हलवली. "विणला कुणी?"

"मी. जुनी जरशी उसवली सासूबाईंनी. लोकर सासऱ्यांची."

ते हसले, पण मोजा लगेच काढला नाही. जाताना हेडमास्तरांना म्हणाले, "मुलींचा वर्ग वेगळाच राहू द्या. आणि थंडीत जरा ऊन चढल्यावर भरवा हो. मुलं दुपारनंतर बसली तर बिघडत नाही."

असा वर्ग वाचला. दुसऱ्या दिवसापासून उन्हं आल्यावर शाळा भरू लागली. खरं सांगायचं तर मला त्याचं थोडं वाईटही वाटलं. त्या काळोख्या, धुकट सकाळी आता माझ्या राहिल्या नाहीत. पण वर्गात निळे ओठ दिसेनासे झाले. शिवणकामाच्या तासाला मुली विणायला शिकल्या. लोकर कुणाकडे असणार? मग घराघरांतून फाटके मफलर, पलटणीतल्या कुणाकुणाचे पायमोजे आले, आणि वर्गभर उसवण्याचं सर्र सर्र सुरू झालं. नाना एकदा शाळेच्या दारात येऊन ते पाहत उभे होते. मी म्हटलं, या आत. "नको," ते म्हणाले, "मी ऐकू ऱ्हायलो." हिरा पुढे जळगावला शिकायला आली, आणि तिथेच शिक्षिका झाली.

आज हे रेवाला सांगावं तर किती सांगावं? मी तिला फोन करून एवढंच म्हटलं, आतला लोकरीचा घे, बारीक सुताचा, अंगाबरोबर बसणारा. वरचा वारा अडवणारा घे. आणि पोचलीस की लगेच पाठ चाचपून बघ. "चाचपू कशी, आजी, माझीच पाठ?" ती म्हणाली. खरंच. पाठ चाचपायला दुसरं माणूस लागतं.

त्या वर्षी संक्रांतीनंतर शाळेत मुलींच्या आयांसाठी हळदीकुंकू ठेवलं होतं. सकाळी मी निघाले, तर अक्का इरकली लुगडं नेसून, शाल घेऊन ओसरीवर उभ्या. "मी बी येस," त्या म्हणाल्या. मुदत संपली होती आणि त्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

आबांनी शालीची टोकं त्यांच्या कमरेला नीट खोचून दिली, चाकात जाऊ नयेत म्हणून. अक्का कॅरिअरवर एका बाजूला पाय सोडून बसल्या. गल्लीतली सगळी दारं उघडी होती. मी जपून, अगदी जपून निघाले. गाव मागे पडेपर्यंत त्यांनी माझ्या कमरेला घातलेली मिठी इतकी घट्ट होती की मला श्वास घेणं जड जात होतं. मळे सुरू झाले. कोवळं ऊन होतं, हवेत अजून धार होती. हळूहळू एक हात सैल झाला. मग दुसरा. मला वाटलं त्या घाबरल्या आहेत, म्हणून मी ब्रेकवर बोटं ठेवली आणि सायकल आणखी सावकाश केली.

पाठीमागून त्यांचा आवाज आला, वाऱ्यानं थोडा फाटलेला, आणि मी आजवर न ऐकलेला.

"अशी काय चालस व? जोरमा जाऊ दे!"